पितळ म्हणा, भाऊ

आत्मारामभाऊंना खोटं बोलता येत नाही, हे मला माझ्या डब्यावरून कळलं. बाकीची माणसं परमुलखात घरचे चार घास मिळतात म्हणून गप्प खातात, "वहिनी, एकदम मस्त" म्हणतात आणि मोकळी होतात. हा बाबा मात्र रिकामा डबा हातात देताना सांगणार, "वहिनी, कालच्या आमटीत मीठ कमी व्हतं." अठरा वर्षं मी त्यांना डबा देते. महिन्याला तीनशे दिरहम, म्हणजे आजच्या भावाने सात हजार रुपये, आणि वर हे ऐकून घ्यायचं. पहिली दोन वर्षं मला राग यायचा. नंतर असं झालं, की बाकी कुणी तारीफ केली तरी मी भाऊंचा डबा परत यायची वाट बघायचे. ते काही बोलले नाहीत तर समजायचं, आज खरंच जमलंय.

तर हे आत्मारामभाऊ. राहायला शारजात रोल्लाला, आमच्याच इमारतीत, एका खोलीत पाच जणांबरोबर. काम मागच्या गल्लीत, एका सोन्याच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात. धंदा गलाईचा. म्हणजे जुने दागिने, मोडके तुकडे, सोनारांच्या दुकानातला झाडून काढलेला केर, सगळं भट्टीत गाळून त्यातनं शुद्ध सोनं वेगळं करायचं. विट्याकडची, खानापूर-आटपाडीकडची माणसं हाच धंदा करत सगळ्या हिंदुस्थानभर पसरली आहेत. कोइमतूरला जा, कोलकात्याला जा, सोनार गल्लीत भट्टीपाशी बसलेला माणूस मराठीच निघायचा. भाऊ चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर कोइमतूरला गेले आणि तिथून ब्याण्णव साली इथे आले. तेहतीस वर्षं. तेजाबाच्या धुराने छाती गेली, बोटांच्या टोकांवरच्या रेषा गेल्या. विमानतळावर अंगठा टेकवायला सांगतात तेव्हा मशीन यांना ओळखतच नाही, अर्धा अर्धा तास उभं करतात.

एवढं सगळं गेलं, पण कस सांगण्यात हा माणूस पक्का. गल्लीत दोन दुकानदारांचं सोन्यावरून वाजलं, की दोघे भाऊंकडे येणार. "आत्माराम बोला तो खलास," असं पठाणसुद्धा म्हणायचे. एकदा अरबाबचाच, म्हणजे मालकाचाच, भाचा आला, एकवीस कॅरेटला बावीस म्हण म्हणाला. भाऊंनी म्हटलं नाही. भाच्याने सहा महिने बोलणं टाकलं, भाऊंनी सहा महिने मान खाली घालून भट्टी केली. आता मशीन आलंय. बंदुकीसारखं दागिन्याला टेकवायचं की आकडा येतो. मशीनला खोकला नाही, व्हिसा नाही, दोन वर्षांनी गावाला जायचं नाही. एप्रिलमध्ये अरबाबने भाऊंना सांगितलं, आता घरी जाऊन आराम कर. व्हिसा कॅन्सल झाला, मंगळवारचं तिकीट निघालं. भाऊंना ना आनंद ना दुःख. "वहिनी, दमलो," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात सायरा माझ्याकडे आली.

सायरा आमच्या तळमजल्यावरच्या टेलरिंगच्या दुकानात अल्टरेशन करते. उझबेकिस्तानची. वय अठ्ठावन्न, पण सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवते. हिंदी सिनेमे बघून शिकलेली हिंदी बोलते, त्यामुळे साध्या बोलण्यातही नाटकातल्यासारखी वाक्यं येतात. मला दीदी म्हणते, भाऊंना चाचा, जरी चाचा तिच्याहून तीनच वर्षांनी मोठे असले तरी. आमचं सगळं हिंदीतच चालतं, मी आपलं मराठीत सांगते.

तिने पर्समधून रुमाल काढला, रुमालातून एक तारा. बोटभर लाल फीत, तिला लटकलेला पाच टोकांचा सोनेरी तारा, आणि मधोमध विळा आणि हातोडा. मागे रशियन अक्षरं आणि एक नंबर.

"माँ का है," ती म्हणाली.

तिची आई कुबरा हिवाळ्यात वारली, हे मला ठाऊक होतं. सायरा चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गावी जाऊन आली होती. हा तारा तेव्हाच तिच्या थोरल्या भावाने तिच्या हातात ठेवला. घर भावाला, भांडी-गाद्या वाटून झाल्या, राहिला हा तारा. त्याची वाटणी कशी करायची? गावातल्या सोनाराकडे नेला तर सगळा गाव बोलणार, कुबराच्या पोरांनी आईचा तारा विकला. अख्खा कुणाला विकला तर तो आईच्या नावासकट इंटरनेटवर विकायला चढवणार. म्हणून भावाचं म्हणणं, तू शारजात आहेस, तिथे कोण ओळखतंय, गाळून टाक आणि दोन भाग कर. त्याला घरावर नवं छप्पर घालायचं होतं. चूक तरी कसं म्हणायचं त्याला?

"आणि तुला काय हवंय?" मी विचारलं.

"मला हा असाच हवाय," सायरा म्हणाली. "पण त्याचा अर्धा विकत घेण्याएवढे माझ्याकडे नाहीत. मागितला तर म्हणेल, बहीण सोन्याला हपापली."

हा तारा आहे तरी कसला, म्हणून माझ्या लेकीने, अंतराने, फोन काढला. हल्लीच्या पोरांना दोन मिनिटांत सगळं सापडतं. "आई, इट्स द हायेस्ट सिव्हिलियन थिंग दे हॅड. हीरो ऑफ सोशलिस्ट लेबर." मग ती वाचत गेली आणि सायरा मध्ये मध्ये भर घालत गेली. एकोणीसशे अडतीस साली सोव्हिएत सरकारने हा किताब काढला. युद्धात मर्दुमकी गाजवणाऱ्यांना होता तसा काम करणाऱ्यांनाही एक. पहिला मान खुद्द देशाच्या सर्वोच्च नेत्याने स्वतःच घेतला. ("अर्थात," मी म्हटलं. आपल्याकडे काय वेगळं असतं?) सुरुवातीला नुसता कागद आणि दुसरं एक मोठं पदक मिळायचं, तारा चाळीस सालापासून. मग तोफा-विमानं बनवणारे, शास्त्रज्ञ, आणि युद्धानंतर खाणीतले, गिरणीतले, गाई दुहणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या. ज्याला दोनदा मिळेल त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा त्याच्या गावात उभा करायचे. एक्क्याण्णव साली देशच मोडला, किताबही संपला.

"ट्वेंटी थाउजंड प्लस पीपल गॉट इट, आई."

"त्यातली एक माझी आई," सायरा म्हणाली. "शहात्तर साली. दव पडलेलं असायचं तेव्हा शेतात जायची. दिवसाला शंभर किलो कापूस वेचायची. मी नऊ वर्षांची होते. शाळा बंद करून आम्हा पोरांना शेतात न्यायचे. मी वेचलेला मी तिच्या झोळीत टाकायचे. बोंडं टोचून बोटांतनं रक्त यायचं, कापसाला लागलं की ओरडा बसायचा."

पुढे ऐंशीनंतर मॉस्कोहून चौकशी आली. कागदावरचा कापूस भरपूर आणि गोदामातला कमी, असं सगळीकडे निघालं. मोठे मोठे साहेब तुरुंगात गेले, काहींचे तारे काढून घेतले. कुबराबाईंचा कुणी काढला नाही, पण गावात कुजबुज सुरू झाली. त्या दिवसापासून बाईंनी तारा कधी छातीवर लावला नाही. पिठाच्या डब्यात ठेवला तो मरेपर्यंत तिथेच.

मी सायराला घेऊन भाऊंच्या गाळ्यावर गेले. भाऊंनी तारा तळहातावर घेतला मात्र, त्यांचा चेहरा बदलला.

"हे? हे म्या लई गाळल्यात," ते म्हणाले.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली रशियाकडची माणसं झुंडीने शारजाला यायची. रिकाम्या बॅगा घेऊन यायची आणि टीव्ही, जॅकेटं, चपला भरून न्यायची. खिशात काही नसलं की असलं काहीबाही विकायची. तेव्हाचे हे तारे गल्लीतून भाऊंच्या भट्टीत येत. भाऊ तेव्हा तिशीचे, नवीन. ते काय आहे कोण सांगणार? हे मात्र बघत होते, की माणसं देताना तोंड फिरवतात. एक म्हातारा तर देताना ताऱ्याला ओठ लावून गेला. आपल्याकडे कुणी देव्हाऱ्यातला टाक मोडायला आणला की असंच करतात.

"मला वाटलं, ह्यांचं टाक असतील," भाऊ म्हणाले. "खंडोबाचा असतो, बिरोबाचा असतो, तसा हा इळ्या-हातोड्याचा देव. टाक गाळायचा तर आमच्यात तसाच न्हाई टाकत मुशीत. हळदकुंकू लावायचं, माफी मागायची, मग गाळायचं. म्या समद्यांना लावलं. गल्लीतली पोरं हसायची. आत्माराम रशियाच्या देवाची पूजा करतोय म्हणायची."

मी हसून लोटपोट. सायराला हिंदीत सांगितलं, तर ती हसली नाही. तिने भाऊंना तो तारा कशाचा ते सांगितलं. कापसाचं सांगितलं, झोळीचं सांगितलं.

भाऊंनी तारा उलटून मागची अक्षरं बघितली. मग मला मराठीत म्हणाले, "वहिनी, कापूस येचणाऱ्या बाईला सरकारनं सोनं दिलं?"

"हो ना."

"आन् म्या ते गाळलं. किती जणांचं गाळलं, कुणाला ठावं."

नंतर त्यांनी सवयीने काळा कसोटीचा दगड पुढे ओढला. ताऱ्याची एक कड हलकेच दगडावर घासली, सोनेरी रेघ उठली, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. पितळ असतं तर रेघ उकळून नाहीशी झाली असती. ही हललीसुद्धा नाही. "शंभरात पंच्याण्णव," भाऊ म्हणाले. "येवढं चोख तर दागिन्यातबी नसतं."

आणि तिथे माझ्या डोक्यात किडा वळवळला. खापर दुसऱ्या कुणावर फोडत नाही, कल्पना माझीच. सायराच सांगत होती, की अस्सल तारा हरवू नये म्हणून पुष्कळ जण कपड्यावर लावायला नकली तारा करून घ्यायचे. मग म्हटलं, भाऊंनी सायराच्या भावाला फोनवर सांगावं, हा नकली आहे. पितळ. पितळेची कोण वाटणी मागतंय? तारा सायराकडे राहील, ना भांडण ना तंटा. सायराचे डोळे असे लकाकले, की मला वाटलं, वा प्रमोदिनी, काय अक्कल आहे तुला!

"न्हाई," भाऊ म्हणाले.

"अहो, एक शब्द. फक्त 'पितळ' म्हणा, भाऊ."

"सोन्याला पितळ म्हणू? वहिनी, माझ्यापाशी दुसरं हाय काय?"

मी मग तोंड सोडलं. म्हटलं, मंगळवारी विमानात बसणार तुम्ही, इथे कोण विचारणार आहे तुम्हाला? त्या मशीनने तुमची जागा घेतली, तुमच्या खरेपणाला अरबाबने काय दिलं? निरोपाला प्लास्टिकच्या डब्यातला एक पेढा? इतकी वर्षं भट्टीशी राबवून घेतलं आणि हाकललं. एका बाईच्या आईची आठवण राहत असेल तर तुमचं काय जातंय? बोलू नये ते बोलले. भाऊ दगड फडक्याने पुसत राहिले. सायरा खाली बघत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ जिन्यात भेटले. दम लागलेला, एका हाताने कठडा धरलेला. "सांगतो," म्हणाले. "म्या मोप गाळलं असलं. एक तरी ऱ्हाऊ दे."

शनिवारी दुपारी तीनला आम्ही गाळ्यात जमलो. गाळा निम्मा रिकामा झाला होता, नव्या मशीनसाठी टेबल येऊन पडलं होतं. सायराने फोन वजनकाट्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला. तिचा भाऊ दिसला. डोक्यावर चौकोनी टोपी, मागे तुतीचं झाड, झाडाखाली बायको आणि नातवंडं. माणूस वाईट वाटत नव्हता. त्याने छातीवर हात ठेवून भाऊंना सलाम केला, भाऊंनी हात जोडले. दोघांमध्ये दुभाषी सायराच. इकडचं हिंदी तिकडे त्यांच्या भाषेत, तिकडचं इकडे.

"विचारतोय, किती भरलं?"

भाऊंनी तारा उचलला. त्यांनी तारा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"पीतल है," ते म्हणाले. "सोना नहीं है. पीतल."

सायराने ते तिकडे सांगितलं. भाऊ इतके घामाघूम, की मला वाटलं, आता पडतात की काय. पलीकडे तिचा भाऊ हसायला लागला. मोठ्याने नाही. आपण फसलो हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं दाखवताना माणूस हसतो तसं. बायकोकडे वळून काहीतरी बोलला, तीही हसली. मग तो सायराशी बोलला. सायरा तिच्या सवयीने एकेक वाक्य आम्हाला हिंदीत सांगत गेली.

"म्हणतो, मला ठाऊकच होतं. म्हणतो, सगळा गाव म्हणत होता, सगळा कागदावरचा कापूस. म्हणतो, आई कशाला लावेल छातीवर, तिला माहीत होतं ना. म्हणतो, खोट्या कापसाला..."

ती थांबली.

"म्हणतो, खोट्या कापसाला खोटा तारा."

हे वाक्य तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर जणू तिला ते ऐकू आलं. पलीकडे तिचा भाऊ म्हणत होता, फेकून दे ते, नाहीतर तूच ठेव. म्हणजे आम्हाला हवं तेच झालं होतं! मी तिचा हात दाबला, म्हटलं, झालं, बंद कर फोन. तिने माझा हात झटकला.

"सोना है!" ती फोनवर ओरडली. हिंदीत ओरडली, मग भान येऊन त्यांच्या भाषेत. काय काय बोलली ते मला कळलं नाही, पण दोन्ही हातांची बोटं ती पडद्यासमोर नाचवत होती, त्यावरून कापसाचंच बोलत होती. पलीकडची पोरं खेळायची थांबली. भावाचं हसू गेलं. तो काहीतरी म्हणाला.

"म्हणतो, मघाशी खोटं का बोललीस? आता विश्वास कसा ठेवू?" सायरा भाऊंकडे वळली. "चाचा, इसको दिखाओ."

भाऊंनी दगड घेतला. फोन जवळ ओढून, पडद्यावर दिसेल अशी रेघ त्यांनी ओढली. शेजारी काट्याच्या पितळी वजनाची दुसरी रेघ ओढली. दोन्हींवर तेजाब सोडलं. पितळेची रेघ हिरवी होऊन उकळून गेली. दुसरी तशीच.

पलीकडे तो माणूस पडद्याला इतका चिकटला, की नुसता एक डोळा दिसत होता. मग त्याने मागे वळून सगळ्यांना हाका मारल्या. बायको आली, नातवंडं आली, शेजारचं कुणी म्हातारं आलं. सायरा रडत रडत सांगत होती, "म्हणतो, या, बघा, आमच्या आईचं खरं आहे. बघा, जात नाही." तो प्रत्येकाला फोन दाखवत होता. स्वतःही डोळे पुसत होता. पुष्कळ वेळाने परत पडद्यावर आला आणि हळू आवाजात बोलला.

"काय म्हणतो?" मी विचारलं. मला वेडीला वाटलं होतं, आता म्हणेल, ठेव गं बहिणी.

"म्हणतो, पावसाच्या आधी छप्पर घालायचंय. दोन भाग कर."

भाऊंनी तारा फितीपासून सोडवला, फीत सायराच्या हातात दिली आणि तिला विचारलं, "गलाऊं?"

मी मध्ये पडले. म्हटलं, सायरा, मघाशी फोन बंद केला असतास तर हा तुझाच होता गं. अजून विचार कर.

"खोटा म्हणून ठेवून काय करू, दीदी?" ती म्हणाली. "रोज बघितला असता आणि भावाचं हसणं ऐकू आलं असतं. गाळा, चाचा."

पाच मिनिटं लागली. मूस तापली, टाकणखाराची चिमूट पडली, आधी टोकं मऊ झाली, मग विळा-हातोडा पसरत गेला आणि शेवटी वाटाण्याएवढी पिवळी गोळी तेवढी राहिली. भाऊंनी ती निववली, दोन समान तुकडे केले, काट्यावर दोन्ही दाखवले. सायराने ते रुमालात बांधले, भाऊंच्या पायाला हात लावला आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेली. ती माणसं पायाला हात लावत नाहीत. सिनेमात बघून शिकली असेल.

मी तिथेच बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हटलं, "भाऊ, चुकलं माझं. तुमच्या तोंडून नको ते वदवलं."

"वदवलं तुम्ही, पर बोललो म्या," भाऊ म्हणाले. "जल्मात एक खोटं बोललो, ते बी त्या माऊलीनं चार मिन्टं टिकू दिलं न्हाई. बरं झालं." त्यांनी ज्योत बंद केली आणि स्टूल ओढून बसले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"तेहतीस वर्सं गाळतोय, वहिनी," ते म्हणाले. "कुणाचं गाळतोय, ते आज पयल्यांदा ठावं व्हतं."